अंधारात कोण बोललं? एव्हेनियाचा 'आरपीसिस्टम' सीमाभागातल्या मराठी खेळासाठी

एव्हेनिया हे पायथनमध्ये लिहिलेलं, फुकट आणि खुल्या परवान्याचं इंजिन आहे. अनेक खेळाडू एकाच वेळी खेळतात असे निव्वळ मजकुराचे खेळ उभारायला ते वापरतात. या जातीच्या खेळांची सुरुवात १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात झाली आणि आजचं एव्हेनिया त्याच परंपरेतलं, फक्त ब्राउझरमध्येही चालणारं. इंजिनासोबत 'कॉन्ट्रिब' नावाने जोडभाग येतात. त्यातला 'आरपीसिस्टम' खास भूमिका वठवण्यासाठी केलेला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि घाटाकडे चंदगडपर्यंतच्या बोलीत खेळ करायचा तर हा जोडभाग कितपत पुरतो, हे इथे एकाच कसोटीवर पाहिलं आहे: नाव दिसत नसताना कोण बोलतंय ते समोरच्या खेळाडूला कळतं का?

थोडक्यात निकाल असा. चेहऱ्याने ओळखण्याची सोय फार विचारपूर्वक केलेली आहे. आवाजाने ओळखण्याची सोय नाहीच, पण ती बसवायला जागा नेमक्या ठिकाणी ठेवलेली आहे. देवनागरी मात्र या भागाला जशीच्या तशी पेलत नाही, दुरुस्ती करावी लागते. पायथन येणारा एक जण आणि बोलीची जाण असलेला एक जण, अशी जोडी असेल तरच हात घालावा.

आधी त्याची चांगली बाजू. साध्या मजकूर-खेळात खोलीत शिरलं की सगळ्यांची खरी नावं समोर येतात. आरपीसिस्टममध्ये अनोळखी माणसाचं फक्त छोटं वर्णन दिसतं, म्हणजे 'उंच ड्रायव्हर' किंवा 'हिरव्या साडीतली बाई'. त्याला एसडेस्क म्हणतात आणि त्याची मर्यादा ६० वर्णांची आहे. ओळख झाली की 'रेकॉग' या आज्ञेने आपण त्या माणसाला आपल्यापुरतं नाव द्यायचं. ते नाव फक्त आपल्यालाच दिसतं. एकाच्या दृष्टीने जो 'शहापूरचा अण्णा', तो दुसऱ्याच्या दृष्टीने 'उसने बुडवणारा'. 'फर्गेट'ने ओळख पुसता येते. 'मास्क'ने वर्णन तात्पुरतं बदलतं, आणि मास्क असेपर्यंत इतरांनी दिलेली ओळख चालत नाही.

गोम इथेच आहे. तोंडाला टॉवेल गुंडाळून आलेला सख्खा भाऊ बोलू लागला तरी इंजिन त्याला परकाच मानतं. उलट बाजूने, वीज गेलेल्या दुकानात ओळखीचा माणूस कोपऱ्यातून बोलला तर त्याचं रेकॉग केलेलं नाव सरळ छापलं जातं, कारण उजेड-अंधाराचा या भागाशी काही संबंध नाही. ओळख पूर्णपणे दिसण्याला बांधलेली आहे. गुप्त भेट, फोनवरचं बोलणं, भिंतीपलीकडची कुजबुज, रात्री राजहंसगडाच्या बुरुजावर दोन टोळ्यांची गाठ, असे प्रसंग खेळात ठेवायचे असतील तर ही उणीव पहिल्याच बैठकीत जाणवते.

बसवणं अवघड नाही. पायथनचं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (बाकीच्या कामापासून अलग जागा) करून पिपने, म्हणजे पायथनचे भाग उतरवून घेणाऱ्या साधनाने, एव्हेनिया घ्यायचं, 'इनिट'ने खेळाचा फोल्डर तयार करायचा, मग 'मायग्रेट' आणि 'स्टार्ट'. ब्राउझरमध्ये ४००१ हा पोर्ट उघडला की खेळ समोर येतो. जुन्या टेलनेट क्लायंटसाठी ४००० आहे. मराठीसाठी ब्राउझरच वापरा. टेलनेट क्लायंटमध्ये जोडाक्षरं फुटण्याचा धोका असतो आणि तक्ते तर हमखास वाकडे होतात, कारण प्रत्येक वर्णाला सारखीच रुंदी धरलेली असते. कॉलेजच्या लॅबमध्ये एका संगणकावर हे चालू ठेवून बाकीच्यांनी त्याच नेटवर्कवरून शिरणं ही सुरुवातीला सर्वात सोपी मांडणी.

आरपीसिस्टम जोडताना खेळाच्या फोल्डरमधल्या पात्र, खोली आणि वस्तू या तिन्ही टाइपक्लासना (त्या-त्या गोष्टीचं वागणं ठरवणाऱ्या कोडच्या साच्यांना) त्याचे वर्ग द्यायचे आणि त्याचा कमांड-सेट, म्हणजे आज्ञांचा संच, पात्राच्या डिफॉल्ट सेटमध्ये घालायचा. नवशिके बहुतेक वेळा अडतात ते यापुढे. आधी तयार केलेली पात्रं जुन्याच मांडणीवर राहू शकतात आणि एसडेस्क लावायला गेलं की चूक दाखवू शकतात. त्या पात्रांवर 'टाइप' ही आज्ञा 'रीसेट' आणि 'फोर्स' या जोडशब्दांसह चालवली की ती नव्या मांडणीवर येतात. बदलांनंतर 'रीलोड' करायचं. खेळाडूंची जोडणी सांभाळणारा पोर्टल आणि खेळ चालवणारा सर्व्हर या दोन वेगळ्या प्रक्रिया असल्याने रीलोडमध्ये कुणी बाहेर फेकलं जात नाही. ही सोय खरोखर मोलाची आहे. आवाजाचे नियम चालू खेळात चाचपून बदलावे लागतात आणि दर वेळी सगळ्यांना बाहेर काढलं तर प्रसंगाचा रंगच जातो.

आता देवनागरीची अडचण. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातून शब्द हुडकायच्या नियमांत) 'शब्दातला वर्ण' म्हणून जे चिन्ह असतं, त्यात काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त बसत नाहीत. 'मराठी' हा शब्द त्याच्या लेखी 'मर' आणि 'ठ' असा तुटतो. आरपीसिस्टम दुसऱ्या पात्राचा संदर्भ घ्यायला तिरक्या रेघेनंतरचा शब्द याच चिन्हाने उचलतो. '/उंच ड्रायव्हर' लिहिलं तर पहिल्या शब्दातून त्याच्या हाती नुसता 'उ' लागतो. उपाय असा: त्या नियमांत जिथे जिथे हे चिन्ह आहे तिथे देवनागरीचा युनिकोड पट्टा (तिच्या सगळ्या चिन्हांचे क्रमांक) जोडायचा, मात्र वाक्यअखेरचा दंड वगळायचा, नाहीतर तोही शब्दाला चिकटतो. मूळ फाइलला हात लावू नका, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती पुसली जाईल. जोडभागाची प्रत आपल्या खेळाच्या फोल्डरमध्ये घेऊन तिच्यात बदल करा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'दुसऱ्या'मधला ऱ दोन प्रकारे टाइप होतो: एका कीबोर्डवर खाली नुक्ता असलेला स्वतंत्र ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडवर्ण. पडद्यावर दोन्ही सारखे, जुळणीत वेगळे. एकाच अक्षराची वेगळी रूपं जुळवून घेणारं नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. त्यामुळे वर्णन साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी, आधी दुसरं रूप पहिल्यात बदलायचं आणि मग उरलेले अदृश्य जोडवर्ण काढायचे. क्रम उलटा केला तर 'ऱ्या'च्या जागी रफार येतो.

तिसरी गोष्ट आयफोनवाल्यांसाठी. आरपीसिस्टमला बोलणं कळतं ते सरळ दुहेरी अवतरणांमुळे. आयफोनचं 'स्मार्ट पंक्चुएशन' ती आपोआप वळणदार करतं. मग इंजिनाच्या दृष्टीने ते बोलणं राहत नाही, निवेदन होतं, आणि आवाजाचा हिशोब तिथे लागतच नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ते बंद करायला प्रत्येक खेळाडूला आधीच सांगून ठेवा.

याहून खोल अडचण व्याकरणाची आहे. इंजिन वर्णन जसंच्या तसं वाक्यात टाकतं. इंग्रजीत ते चालून जातं, मराठीत विभक्ती लागली की सामान्यरूप होतं. 'म्हातारा गडी' हे वर्णन ठेवून कुणी 'ला' जोडला तर पडद्यावर 'म्हातारा गडी ला' उमटतं आणि वाचणाऱ्याचा रस तिथेच तुटतो. हे कोडने सोडवायच्या भानगडीत पडू नये. वर्णनात अशीच नामं घ्यावीत जी प्रत्यय लागताना बदलत नाहीत: बाई, म्हातारी, ड्रायव्हर, कंडक्टर. विशेषणही न बदलणारं असावं: उंच, लठ्ठ, अबोल. निवेदन भूतकाळाऐवजी वर्तमानात लिहावं. 'उंच ड्रायव्हर बिडी पेटवतो' यात प्रत्ययच लागत नाही. 'पेटवली' म्हटलं की 'ने' आलाच. नियमाच्या पानावर ही एक ओळ घातली तरी निम्मं विद्रूप लेखन थांबतं.

आवाजाचा थर कुठे बसतो ते आता पाहू. आरपीसिस्टम प्रत्येक अवतरणातलं बोलणं ऐकणाऱ्या पात्राच्या 'प्रोसेस_लँग्वेज' या फंक्शनमधून जाऊ देतं आणि तिथे बोलणारा कोण हेही कळवतं. ऐकणारा आणि बोलणारा एकाच ठिकाणी हाती येतात, याहून चांगली जागा मिळणार नाही. कुणाला काय नाव दिसावं हे ठरतं 'गेट_डिस्प्ले_नेम'मध्ये. म्हणजे मोजणी पहिल्यात आणि लपवणं दुसऱ्यात.

प्रत्येक पात्राला आवाजाचं एक वर्णन द्या, तेही ६० वर्णांच्या आत: 'बसलेला, खरखरीत आवाज', 'नाकातून येणारा बारीक आवाज'. ऐकणाऱ्याकडे एक वही ठेवा, तिच्यात कुणाचा आवाज तोंड दिसत असताना कितीदा ऐकला याचा आकडा. वहीतली नोंद बोलणाऱ्याच्या नावाने करू नका, डेटाबेसमधल्या क्रमांकाने करा. नावं आणि वर्णनं बदलत राहतात. अंधारात किंवा मास्क असताना आकडा तपासायचा. कमी असेल तर आवाजाचं वर्णन दिसेल, मधला असेल तर 'ओळखीचा वाटणारा आवाज', पुरेसा असेल तर ऐकणाऱ्याने दिलेलं रेकॉग नाव. खरं नाव कधीही नाही. रेकॉग केलेलंच नसेल तर 'उंच ड्रायव्हरचा आवाज' एवढंच.

आकडे सुचवायचे तर साध्या आवाजाला १० ओळी, ठसठशीत आवाजाला ३, आणि 'ओळखीचा वाटणारा' ही पायरी त्याच्या निम्म्यावर. कुजबुज मोजू नये, कारण कुजबुजताना माणसाचा गळा हरवतो. एकाच अभिनयात, म्हणजे 'इमोट' आज्ञेने लिहिलेल्या कृती-बोलण्याच्या ओळीत, दोन अवतरणं असतील तर फंक्शन दोनदा चालतं, म्हणून एका प्रसंगात एका बोलणाऱ्याचा आकडा फक्त १ ने वाढेल अशी वेळेची अट घाला. १० मिनिटं ठीक. चार शब्दांहून लहान ओळ मोजू नका, नाहीतर कुणीतरी 'हं, हं, हं' टाइप करून ओळख वाढवत बसेल. बोलणारा स्वतःही ऐकणाऱ्यांत असतो, त्याला वगळा.

एवढं केलं तरी अर्धंच काम होतं. इंजिनाने 'खरखरीत आवाज' छापला आणि त्याखाली खरखरीत आवाजाची म्हातारी आणि बारीक आवाजाचा कंडक्टर दोघेही पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलू लागले, तर खेळाडू लेबल वाचतो आणि बोलणं सोडून देतो. सीमाभागाचं इथे भाग्य असं की बोलण्याचे इतके पोत एका बसस्टँडवर सहज मिळतात. नावं काढलेल्या या चार ओळी पाहा:

"गाडी गेली की अक्का. आता सातचीच."
"गाडी येतंय ओ. चहा-गिहा घेऊया, बसा."
"थांब गे, मी आलो. पिशवी तेवढी घेतो."
"नक्को भाई, कायकू जल्दी. बैठो."

पहिली ओळ गावच्या मराठी माणसाची. 'की' वाक्यात सहज येतो आणि परक्या बाईलाही 'अक्का' म्हणतो. दुसरीत बोलणाऱ्याची घरची भाषा कन्नड आहे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी असतात, म्हणून 'गाडी येतंय'. आणि मराठी माणूस 'चहा-बिहा' म्हणतो तिथे कन्नड जोडशब्द 'गि'ने होतो. 'ऊट-गीट' (जेवण-बिवण) ऐकलेल्याला हे सांगावं लागत नाही. एका अक्षरावर माणूस ओळखू येतो. चौथी दखनी बोलणाऱ्याची, ती लपतच नाही.

तिसरी ओळ सगळ्यात उपयोगाची. 'मी आलो, घेतो' हे बोलणारी बाईही असू शकते, कारण बेळगाव-कोल्हापूरकडे बायका स्वतःबद्दल बोलताना असंच क्रियापद वापरतात. अंधारातल्या प्रसंगात इथल्या खेळाडूला यावरून बोलणारा बाई की बाप्या हे ठरवता येत नाही आणि तो दुसऱ्या खुणा शोधतो. पुण्याकडचा खेळाडू बेधडक पुरुष धरून चालतो. रहस्याच्या खेळात ही खूण मुद्दाम वापरावी. मात्र निवेदनात तीच बाई 'पिशवी उचलते' असं लिहिलं की गुपित फुटलं. म्हणून अंधारातल्या खोलीत अभिनयाची आज्ञा बंद ठेवून फक्त बोलण्याची मुभा द्या.

पात्राला खुणा तीनच द्याव्यात: हाक मारायची एक रीत, क्रियापदाची एक लकब आणि धंद्यातला एक शब्दसंच. शहापूर-वडगावच्या विणकराच्या तोंडी माग, धोटा, कांडी आपसूक येतील. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बाईच्या तोंडी त्यातलं काही येणार नाही. हाकेत 'गा' म्हणणारा आणि 'ओ' म्हणणारा वेगळे ठेवा. 'काय करायलायस' म्हणणारा आणि 'काय करतोयस' म्हणणारा वेगळे ठेवा. दर ओळीत तिन्ही खुणा कोंबल्या की पात्राचं सोंग होतं, आणि शेजाऱ्याच्या भाषेची टिंगल तर या भागात कुणाला सोसत नाही, सोसूही नये. तीन ओळींत एक खूण पुरे. भावना चढली की खूण दाट होते. रागात माणूस घरच्या बोलीवर येतो, हे नियमात लिहून ठेवलं तर खेळाडू ते आनंदाने वापरतात.

फोनचा कीबोर्ड इथे घात करतो. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणारे 'करायलायस' लिहायला जातात आणि सूचनांच्या पट्टीतून प्रमाण रूप निवडलं जातं. दोन आठवड्यांत सगळी पात्रं एकाच सुरात बोलू लागतात. प्रत्येकाने आपल्या पात्राचे वीसेक शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात घालावेत. चाचणीही सोपी आहे: लॉगमधल्या २० ओळी काढा, नावं पुसा, त्या प्रसंगात नसलेल्या खेळाडूला द्या. ज्या पात्राच्या निम्म्या ओळीही ओळखू आल्या नाहीत त्याच्या खुणा बदला, आवाजाच्या वर्णनाला हात लावू नका.

सोबत मिळणारा 'आरपीलँग्वेज' हा दुसरा जोडभाग मात्र मराठीसाठी घेऊ नये. न समजणारी भाषा गूढ अक्षरांत बदलून दाखवणं आणि दुरून आलेली कुजबुज अर्धवट ऐकवणं, ही त्याची दोन कामं. कल्पना सुरेख, पण कुजबुजेत गाळायच्या अक्षरांच्या याद्या रोमन स्वर-व्यंजनांच्या आहेत, त्यामुळे देवनागरी ओळ बहुतेक पायऱ्यांवर जशीच्या तशी वाचता येते. भाषेचं गूढ करतानाही शब्द तुटण्याची तीच चूक आड येते आणि मोकळ्या मात्रा लोंबत राहतात. कुजबुजेसाठी आपलं फंक्शन लिहिणं सोपं: ओळ शब्दांत तोडायची आणि अंतराप्रमाणे दर दुसरा किंवा तिसरा शब्द टिंबांनी झाकायचा. शब्द पूर्ण झाका, अक्षरं नको. कन्नड न कळणाऱ्या पात्राला कन्नड ओळ गूढ करून दाखवायची इथे गरजही नाही. ओळ देवनागरीत कन्नडच लिहा, ज्याला कळतं त्याला कळेल. भाषेचं नाव अवतरणाआधी द्यायचं असतं, ते रोमन लिपीत ठेवा, कारण 'कन्नड' हे नाव हलन्तावर तुटतं.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर किंवा डिस्कॉर्डवर टपरबॉक्ससारखा बॉट लावून खेळणाऱ्यांना हा खटाटोप जड वाटेल. तिथे सुरुवात दहा मिनिटांत होते हे खरं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक ओळीवर खेळाडूचं स्वतःचं नाव असतं, आणि बॉट पात्राचं नाव व चित्र चढवतो तेव्हा ते सगळ्यांना सारखंच दिसतं. बॉट तुमची मूळ ओळ पुसून नवी टाकतो, तोवर इतरांच्या फोनवर तुमच्या नावाने सूचना गेलेलीही असते. एकाला ओळखू यावं आणि दुसऱ्याला येऊ नये ही गोष्ट तिथे जमत नाही. त्यासाठीच एव्हेनिया.

खर्च म्हणजे वेळ. इंजिन फुकट आहे, आठ-दहा खेळाडूंना १ जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर पुरतो. देवनागरीची दुरुस्ती अनुभवी हाताला दोन संध्याकाळी लागतील, आवाजाच्या थराला आणखी तीन-चार. कागदपत्रं सगळी इंग्रजीत आहेत, पण उदाहरणं भरपूर. सुरुवात एका खोलीपासून करा: खडेबाजारातलं एक दुकान, पाच पात्रं, दिवा लावायची-मालवायची एक आज्ञा. दिवा मालवल्यावर पाचही आवाज वेगळे कळले की मग दुसरी खोली बांधा.